आईच्या सीजेडीनंतर जे वाचलं ते: कुरू, मेंढ्या आणि प्रायॉनचा शोध

मधुरा_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय त्याबद्दल आधीच माफी.

गेल्या वर्षी माझी आई गेली, वय ६८. पाडव्याला गुढी तिने स्वतः उभारली होती आणि श्रावणात ती नव्हती. आधी जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही म्हणायला लागली, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मग गप्प गप्प राहते म्हणून मानसोपचार. मग एकदा कुकरची रिंग हातात घेऊन ओट्यापाशी उभी, हे काय आहे तेच कळेना तिला. नंतर दाराची बेल वाजली तरी सगळं अंग दचकायचं, झोपेतसुद्धा. एमआरआयच्या एका फिल्मवर मेंदूची बाहेरची साल पांढऱ्या रिबिनीसारखी चमकत होती, ते बघून न्यूरोलॉजिस्टने पहिल्यांदा नाव घेतलं, क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, सीजेडी. प्रायॉनमुळे होतो (विषाणू नाही, जिवाणू नाही, घडी बिघडलेलं एक प्रोटीन), औषध नाही, काही महिने. बास एवढंच.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पण निदान कळल्यावर तिथल्या मावशी आईच्या खोलीत यायला तयार होईनात, ताट दाराबाहेर ठेवून जायच्या. 'इन्फेक्शियस' एवढा एकच शब्द फाइलवर होता आणि तो नीट समजावून सांगायला कोणालाच वेळ नव्हता. दादाने घाबरून त्याच्या मुलांना शेवटचे तीन आठवडे आजीजवळ जाऊ दिलं नाही. तो आजही त्याबद्दल बोलू शकत नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा आजार हात लावल्याने, एकत्र जेवल्याने, पापी घेतल्याने होत नाही.

हे जगाला कसं कळलं, कोणी शोधलं, ते मी नंतर वाचत बसले. मी डॉक्टर नाही, कॉमर्सवाली आहे. पण वाचताना इतकं गुंतत गेले की कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

मधुरा_कोथरूड (पुढे)

क्रॉइट्झफेल्टने १९२० मध्ये आणि याकोबने १९२१ मध्ये जर्मनीत असे पेशंट लिहून ठेवले (क्रॉइट्झफेल्टचा पेशंट आजच्या निकषांत बसत नाही म्हणतात, नाव मात्र राहिलं). पण खरी गोष्ट उलगडली पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात. तिथे फोरे नावाचे लोक आहेत. त्यांच्यात एक आजार होता, कुरू, म्हणजे त्यांच्या भाषेत थरथर. आधी तोल जायचा, मग थरथर, मग उभं राहता यायचं नाही, वर्षभरात माणूस जायचा. वाचताना आईचा जिना आठवला मला. १९५७ मध्ये व्हिन्सेंट झिगास हा तिथला सरकारी डॉक्टर आणि कार्लटन गायदुशेक हा अमेरिकन, दोघांनी मिळून यावर काम सुरू केलं. तेव्हा वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं मरत होती आणि त्यात जास्त करून बायका आणि मुलं. काही वस्त्यांमध्ये बायकाच उरल्या नव्हत्या, बाप एकटे लेकरं सांभाळत होते.

फोरे लोकांना वाटायचं ही करणी आहे. शास्त्रज्ञांना वाटलं आनुवंशिक असणार कारण घराघरात दिसतोय, आणि त्या लोकांना त्यांच्या भागातून बाहेरच जाऊ देऊ नये असा विचारही तेव्हा चालू होता.

मग १९६१ च्या सुमाराला शर्ली लिंडेनबाम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं तिथे राहायला गेलं. त्यांनी काय केलं तर लोकांना विचारलं. तुमच्या गावात पहिला कुरू कधी झाला, कोणाला झाला, ती तुमची कोण लागायची. म्हाताऱ्या माणसांना सगळं आठवत होतं, त्यांच्या आठवणीतच तो आजार नवा होता, गावोगाव सरकत आलेला. आणि ज्यांना नातेवाईक म्हणत होते त्यातले बरेच रक्ताचे नव्हतेच, मानलेले होते. म्हणजे नुसत्या आनुवंशिकतेने हे जुळत नव्हतं. जुळत होतं ते दुसऱ्याच गोष्टीशी. गेलेलं माणूस किड्यामुंग्यांनी खाण्यापेक्षा आपल्या माणसांनी खावं, अशी त्यांची अंत्यविधीची रीत होती आणि मेंदूचा भाग बायकांच्या आणि लहान मुलांच्या वाट्याला यायचा. पुरुष आणि जरा मोठे झालेले मुलगे वेगळ्या घरात राहायचे, ते यातून बरेचसे बाहेर होते.

ऑस्ट्रेलियन प्रशासनाने ती रीत बंद केली त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरू दिसेनासा झाला. आणि ज्या बायका आजारी माणसाजवळ महिनोन्महिने बसायच्या, भरवायच्या, पुसायच्या, त्या पुढच्या पिढीतल्या बायकांना काही झालं नाही. सेवेने आजार पसरत नव्हता. हे साठीच्या दशकापासून दिसत होतं आणि आमच्या वॉर्डापर्यंत ते पोचलं नव्हतं.

नाना_सदाशिव

मधुराताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. मी ७८ वर्षांचा आहे, पुण्यातच विषाणूंच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. १९५७ वाचलं आणि थांबलो. त्याच वर्षी शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या एनआयव्हीने, गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. मी तेव्हा शाळेत होतो, पण नोकरीला लागल्यावर जुन्या लोकांकडून ती हकीकत अनेकदा ऐकली. त्यांची पद्धत ठरलेली होती, नमुना आणायचा, उंदराच्या पिल्लांना टोचायचा, काही दिवस वाट बघायची.

कुरूमध्ये हीच पद्धत फसली कारण थोडे दिवस वाट बघून काही होतच नव्हतं. तेव्हा आमच्या पुस्तकांत 'स्लो व्हायरस' असा शब्द होता, आइसलंडमधल्या सिगुर्दसनने १९५४ मध्ये मेंढ्यांच्या आजारांवरून ही संथ संसर्गाची कल्पना मांडली होती. किती वाट बघायची हे कळायला मेंढ्यांचा डॉक्टर लागला. विल्यम हॅडलो नावाचा अमेरिकन पशुवैद्य इंग्लंडमध्ये स्क्रेपी या मेंढ्यांच्या मेंदूच्या आजारावर काम करत होता. लंडनच्या वेलकम म्युझियममध्ये कुरूचं प्रदर्शन लागलंय असं त्याला एका ओळखीच्याने सांगितलं, तो बघायला गेला आणि मेंदूच्या फोटोंत त्याला त्याच्या मेंढ्यांच्या मेंदूतली तीच भोकं दिसली. १९५९ मध्ये त्याने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की माकडांना टोचून बघा, आणि भरपूर वेळ थांबा.

गायदुशेक आणि जो गिब्ज यांनी १९६३ मध्ये चिंपांझींना कुरूचा नमुना टोचला. १९६५ मध्ये जॉर्जेट नावाची चिंपांझी लडखडायला लागली. दोन वर्षं रोज तिच्याकडे बघत, काहीच होत नाहीये हे वहीत लिहीत राहायचं, हे काम कोणीतरी केलं. ज्यांनी प्राणीघरात नोकरी केलीय त्यांना याची किंमत कळेल. १९६६ मध्ये ते छापून आलं, १९६८ मध्ये सीजेडीसुद्धा तसाच चिंपांझीला देता आला.

डॉक्टर_जनावरांचे

नाना, फार सुंदर. मी शिरूरकडे प्रॅक्टिस करतो, थोडी भर घालतो.

स्क्रेपी युरोपात अठराव्या शतकापासून माहीत आहे. मेंढी खाजून खाजून अंग कुंपणाला घासते, लोकर निघते, मग मागचे पाय लटपटतात. तो एका मेंढीतून दुसरीत जातो हे १९३६ मध्ये कुये आणि शेल या फ्रेंच पशुवैद्यांनी दाखवलं, टोचल्यावर वर्षाहून जास्त वाट बघितली म्हणून दिसलं. त्याच दशकात स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका आजारावर लस केली होती, मेंढीच्या मेंदूपासून, फॉर्मेलिन घालून. फॉर्मेलिनने विषाणू मरतात हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. दोन वर्षांनी लस दिलेल्या कळपांत स्क्रेपी निघाला. म्हणजे फॉर्मेलिनला दाद न देणारं काहीतरी त्या मेंदूंत होतं. हे इतक्या लवकर समोर आलं होतं तरी त्याचा अर्थ लागायला पन्नास वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी असल्याचं १९६१ मध्ये प्रसिद्ध झालंय. मॅड काऊ (बीएसई, गाईंचा असाच मेंदूचा आजार) मात्र भारतात नोंदलेला नाही. तो आजार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८६ ला ओळखला गेला आणि कारण होतं खाद्य. मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी गाईंनाच प्रथिनं म्हणून घालत होते. आपला शेतकरी सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, कडबा घालतो, त्यात हा मार्गच नाही. तिथे जुलै १९८८ मध्ये भुकटीवर बंदी आली पण तोवर उशीर झालेला, १,८०,००० च्या वर गाईंना आजार झाला आणि लाखोंनी जनावरं मारून जाळली. गाय पाळणाऱ्या माणसाला तो आकडा वाचवत नाही.

तर्कशुद्ध

चांगला धागा. मला एक कळत नाही आणि प्रामाणिकपणे विचारतोय. विषाणू नाही, जिवाणू नाही, डीएनए नाही, मग नुसतं प्रोटीन वाढतं कसं? प्रोटीन तर डाळीत पण असतं. हे शंभर टक्के सिद्ध झालंय का, का अजून कोणी विषाणू शोधतंय?

वर्षा_के

+१ हाच प्रश्न. मला वाटतं विरजणासारखं काहीतरी असावं, चमचाभर दही घातलं की पातेलंभर दुधाचं दही.

पाषाणकर

वर्षाताई, विरजण जवळचं आहे पण विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि इथे मुद्दाच तो आहे की जिवंत काही नाही. (मी पीएचडी करतोय, प्रथिनांच्या घडणीवरच, त्यामुळे जरा लांबण लागेल.)

त्यापेक्षा साखरेचा पाक घ्या. चांगला तार आलेला पाक शांत ठेवला तर तसाच राहतो, पण त्यात साखरेचा एक खडा पडला की बघता बघता सगळा पाक साखर धरतो. खडा नवीन साखर बनवत नाही, होती तीच साखर आपल्यासारखी रचून घेतो. प्रायॉन तसं आहे. आपल्या सगळ्यांच्या मेंदूतल्या पेशींवर एक प्रोटीन असतं, पीआरपी, निरोगी माणसातही. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या पीआरपीला आपल्यासारखी घडी घालायला लावतं, ते पुढच्याला, आणि त्या चुकीच्या घड्यांच्या थप्प्या साचत जातात आणि पेशी मरतात, मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. डाळीतलं प्रोटीन पीआरपी नाहीच, त्यामुळे त्याची काळजी नको.

आता हे कळलं कसं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये टिक्वा अल्पर नावाची मूळची दक्षिण आफ्रिकेची शास्त्रज्ञ होती, किरणोत्सर्गावर काम करणारी. तिने साठीच्या दशकात स्क्रेपीच्या नमुन्यांवर डीएनए-आरएनए मोडणारे अल्ट्राव्हायोलेट किरण सोडले आणि काही फरकच पडला नाही. म्हणजे त्यात डीएनए-आरएनए नसावं. लोकांना पटलं नाही. १९६७ मध्ये जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ञाने कागदावर मांडून दाखवलं की नुसतं प्रोटीन स्वतःसारखं दुसऱ्याला बनवू शकतं, हे नियमांच्या बाहेरचं नाही. तेही तसंच पडून राहिलं.

१९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्टॅनले प्रुझिनर हा शिकाऊ डॉक्टर होता, त्याच्याकडे सीजेडीची एक बाई आली आणि त्याला काहीच करता आलं नाही. तिथून त्याने हे धरलं. उंदरांत एकेका प्रयोगाला वर्ष जायचं, हॅमस्टरमध्ये दोन-अडीच महिन्यांत निकाल यायला लागला तेव्हा कामाला वेग आला. १९८२ मध्ये त्याने 'प्रायॉन' हा शब्द छापला आणि त्याच्यावर प्रचंड टीका झाली. पण १९८५ मध्ये कळलं की या प्रोटीनचा जीन बाहेरून आलेला नाही, तो आपलाच आहे, माणसात विसाव्या क्रोमोझोमवर.

तर्कशुद्ध, तुमच्या प्रश्नाचं मला सगळ्यात पटणारं उत्तर १९९३ चं आहे. चार्ल्स वाइसमानच्या गटाने पीआरपीचा जीनच काढून टाकलेले उंदीर घेतले आणि त्यांना स्क्रेपी टोचला. त्यांना आजार झालाच नाही. पाकच नसेल तर खडा काय करणार. प्रुझिनरला १९९७ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू असणार असं म्हणणारे काही जाणते लोक नंतरही होते, पण तो विषाणू कोणाला दाखवता आलेला नाही, उलट परीक्षानळीत शुद्ध प्रोटीनपासून सुरुवात करून प्राण्यांना आजार देता आला आहे.

तर्कशुद्ध

पाकाचं उदाहरण डोक्यात बसलं. धन्यवाद, शंका फिटली.

सिस्टर_आशा

मी तीस वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम केलं, आता निवृत्त. मधुरा, मावशी खोलीत येत नव्हत्या हे वाचून मला रडू आलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना शिकवलं नाही हे चुकलं.

भीती कुठून आली ते सांगते. सत्तरच्या दशकात झुरिकमध्ये एका सीजेडी पेशंटच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड घातले होते, नंतर अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने स्वच्छ करून तेच दोन तरुण पेशंटना वापरले. दोघांनाही सीजेडी झाला. पुढे बऱ्याच काळाने तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत घातले तर तोही आजारी पडला. उंची वाढत नाही म्हणून मुलांना वाढीचं हार्मोन द्यायचे, ते मृत माणसांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढायचे, १९८५ मध्ये त्यातून सीजेडी झालेली तरुण मुलं सापडली तेव्हा अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ते बंद केलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. मृत माणसाच्या मेंदूवरचं आवरण ऑपरेशनमध्ये ठिगळ म्हणून लावायचे त्यातूनही झालं, सगळ्यात जास्त जपानमध्ये.

म्हणजे धोका मेंदूच्या, मणक्याच्या, डोळ्याच्या आतल्या भागाशी आहे, ऑपरेशनच्या हत्यारांशी आहे. अशा केसची हत्यारं एकतर टाकून द्यायची नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या द्रावात तासभर बुडवून मग ऑटोक्लेव्हला (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) १३४ डिग्रीवर १८ मिनिटं, नेहमीची सायकल चालत नाही. हे सगळं ओटी आणि सीएसएसडीचं (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचं) आहे. पेशंटला भरवायला, अंघोळ घालायला, केस विंचरायला साधी नेहमीची काळजी पुरते. दादाला माझा निरोप सांग, त्याने मुलांसाठी केलं, आणि आजीला ते शेवटी शेवटी कळण्यासारखं राहिलेलं नव्हतं.

लीड्सहून_परत

आम्ही १९८९ ते ९५ इंग्लंडमध्ये होतो, मुलं तिथल्या शाळेत जेवायची. २० मार्च १९९६ ला ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितलं की नवीन प्रकारचा सीजेडी सापडलाय, तरुण मुलांत, आणि तो बहुधा बीएसईच्या मांसातून आलाय. आम्ही तोवर बाणेरला परत आलो होतो, टीव्हीवर बघितलं आणि दोघंही रात्रभर जागे. त्याआधी वर्षानुवर्षं 'बीफ सुरक्षित आहे' असंच सांगत होते, १९९० मध्ये एका मंत्र्याने कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या लहान मुलीला बर्गर दिला होता. शेवटी ब्रिटनमध्ये त्याने १७८ माणसं गेली, सरासरी वय तिशीच्याही आत. आमची मुलं ठीक आहेत. पण मुलगा अमेरिकेत रक्त द्यायला गेला की परत पाठवायचे, त्या वर्षांत ब्रिटनमध्ये राहिलेल्यांचं रक्त घेत नव्हते, २०२२ मध्ये तो नियम उठला तेव्हा त्याने पहिल्यांदा रक्त दिलं आणि फोटो पाठवला.

रानवाटा

एक गोष्ट राहिली. गायदुशेकला १९७६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्याने त्या भागातून अनेक मुलगे अमेरिकेत आणून घरी ठेवले होते आणि १९९७ मध्ये बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. हे लिहिल्याशिवाय त्याचं नाव घेऊ नये असं मला वाटतं.

मधुरा_कोथरूड

रानवाटा, बरोबर आहे तुमचं. मी वाचलं होतं आणि कसं लिहावं कळेना म्हणून टाळलं, टाळायला नको होतं. त्या मुलांचं जे झालं ते कुठल्याही शोधाने भरून येत नाही.

सिस्टर आशा, तुमचा प्रतिसाद दादाला काल रात्री वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला परत वाच.

पाषाणकर, मला आणि दादाला हे होईल का, हा प्रश्न आम्ही सहा महिने एकमेकांना न विचारता मनात ठेवला होता. आईच्या रक्ताची जीनची तपासणी केली होती, दोष नाही निघाला. म्हणजे आपोआप झालेला प्रकार, दहातल्या आठ-नऊ केसेस अशाच असतात, वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसं. ज्यांच्या घराण्यात जीनमधला तो दोष असतो त्यांचं मात्र वेगळं, इटलीतल्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक झोपच न येऊन जात होते, बोलोन्याच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

आणि सोनिया वल्लभबद्दल कोणी वाचलंय का? अमेरिकेत वकिलीचं शिक्षण घेतलेली मुलगी. तिची आई २०१० मध्ये गेली, नंतर कळलं की आनुवंशिक प्रायॉन होता, तिने स्वतःची तपासणी केली तर तिच्या जीनमध्येही तोच दोष. तिने आणि तिच्या नवऱ्याने आपापली क्षेत्रं सोडून जीवशास्त्र शिकायला घेतलं, दोघांनी पीएचडी केली, आता दोघं मिळून यावरची प्रयोगशाळा चालवतात. पीआरपी बनणंच कमी करायचं, म्हणजे पाकच आटवायचा, असं औषध आता माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलंय. मी तिचे लेख डिक्शनरी घेऊन वाचते.

पाषाणकर

हो, आणि त्याचं मूळ त्या १९९३ च्या उंदरांतच आहे. पीआरपी नसतानाही ते उंदीर जगले, म्हणून ते कमी करायचं धाडस करता येतं. फोरे लोकांचंही एक सांगायचं राहिलं, कुरूतून वाचलेल्या काही घरांत पीआरपीच्या जीनमध्ये एक छोटा बदल सापडला, १२७ व्या जागेवर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तो बदल उंदरांत घातला तर त्यांना कुरूही होत नाही आणि सीजेडीही.

नाना_सदाशिव

हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

स्मिता_हडपसर

नमस्कार, मी आजच सदस्य झालेय, शोधताना हा धागा मिळाला. माझ्या सासऱ्यांना परवा हेच सांगितलंय. आम्हाला काहीच सुचत नाहीये. घरी आणू का त्यांना? लहान मुलगी आहे चार वर्षांची.

मधुरा_कोथरूड

स्मिता, आणा घरी. मुलीला आजोबांजवळ बसू दे, हात धरू दे. झटके फार येत असतील तर न्यूरोलॉजिस्टना सांगा, त्यावर गोळी देतात, थोडा आराम पडतो. बेल बंद करा, मिक्सर लांबच्या खोलीत लावा, आवाजाला फार दचकतात. गिळायला त्रास सुरू झाला की पाणी पातळ देऊ नका, पेज किंवा दाटसर सूप बसवून भरवा, घाई करू नका. बाथरूमला एकटं सोडू नका. कधी ऑपरेशन किंवा दाताचं काही करायची वेळ आली तर आधी निदान सांगा. जीनच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना तुम्हीच विचारा, आपणहून सांगतीलच असं नाही.

माझा नंबर तुम्हाला निरोपातून पाठवलाय. मी सातनंतर मोकळी असते, हडपसरला यायचं असेल तर रविवारी मी आणि दादा येतो.